चाक फिरते, गाडी का चालत नाही?

पावसाळ्यात खेड्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक दृश्य ज्याने पाहिले नाही असा माणूस विरळा. गाडीचे एक चाक चिखलात गरगर फिरत असते, चिखलाच्या चिळकांड्या मागे उडत असतात, इंजिन आकांत करीत असते. आणि त्याच गाडीचे दुसरे चाक, चांगल्या कठीण जमिनीवर असूनही, स्वस्थ उभे असते. ज्याला जमीन पकडता येते ते काम करीत नाही, आणि ज्याला काहीच पकडता येत नाही ते मात्र अखंड धडपडत असते, हे कसे? या प्रश्नात सरकारी कचेऱ्यांविषयी काही सुचविलेले आहे असे श्रोत्यांनी कृपा करून मानू नये. प्रश्न केवळ यंत्राचा आहे, आणि त्याचे उत्तर गाडीच्या आसात दडलेले आहे.

हा प्रश्न जबलपुरात विचारावा यात औचित्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती, आणि नर्मदाकाठच्या या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. त्यांपैकी पुष्कळांना हे शहर संगमरवरी खडकांइतकेच कारखान्यांमुळेही परिचित आहे. येथे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. १९५९ पासून जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ मालमोटारी जबलपुरात तयार होऊ लागल्या. १९६९ मध्ये वाहन निर्माणी उभी राहिली, आणि जपानच्या निस्सान पॅट्रोल या गाडीच्या नमुन्यावर सैन्यासाठी ‘जोंगा’ बाहेर पडू लागली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव घडले आहे. १९९९ मध्ये जोंगाचे उत्पादन थांबले. ही निर्माणी ऑक्टोबर २०२१ पासून आर्मर्ड व्हेईकल्स निगम या शासकीय कंपनीचा भाग आहे.

शहराच्या आसपासची भूमीही अशा गाड्यांची परीक्षा घेणारी आहे. जबलपूरच्या पश्चिमेकडील ‘हवेली’ मुलखात शेताला चहूबाजूंनी बांध घालून पावसाचे पाणी शेतातच साठवायचे, ते आश्विनाच्या सुमारास सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू पेरायचा, अशी जुनी पद्धत होती. पाणी एवढे दिवस धरून ठेवणारी ही काळी, चिकण माती चाकालाही तितक्याच ममतेने धरून ठेवते. पूर्वेला मंडला आणि दिंडोरी या जिल्ह्यांत सागाच्या आणि सालाच्या जंगलांतून चढउतारांच्या वाटा जातात. नर्मदेच्या पात्रात वाळू आहे. अशा मुलखात गाडीतून मतदानाची यंत्रे जायची असतात, लस जायची असते, कधी अडलेली बाळंतीण दवाखान्यात आणायची असते. गाडी पोहोचली की नाही, हाच तेथे शासनाच्या अस्तित्वाचा पुरावा असतो. म्हणून अशा गाडीच्या मागणीपत्रावर ज्याला सही करावयाची आहे त्याने तिच्या आसाविषयी दोन गोष्टी समजून घेतल्या तर त्याचा वेळ फुकट जाणार नाही.

प्रथम आसातील दंतचक्रांचा विचार करू. इंजिन वेगाने फिरते, पण त्याच्या एका फेऱ्यातील जोर बेताचाच असतो. वेग घटवून जोर वाढविणे हे गिअरांचे काम. रहाटाचा मोठा परीघ हाती असला की विहिरीतली जड बादली सहज वर येते. हात अधिक अंतर फिरतो, दोर कमी अंतर चालतो, आणि अंतराचा हा तोटा जोराच्या रूपाने परत मिळतो. गाडीत हा व्यवहार तीन ठिकाणी होतो: गिअरबॉक्समध्ये, चारही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये, आणि शेवटी आसाच्या मध्यभागी असलेल्या फुगीर गोळ्यात. या गोळ्यात एक लहान दंतचक्र असते, त्याला पिनियन म्हणतात; आणि एक मोठे असते, त्याला क्राउन म्हणतात. क्राउनला ४३ दाते आणि पिनियनला ८ दाते असतील तर ४३ भागिले ८, म्हणजे सुमारे ५.३८ हे आसाचे प्रमाण झाले. पिनियन ५.३८ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल.

एक जुने उदाहरण घेतल्याने हे स्पष्ट होईल. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या आसाचे प्रमाण ४.८८ होते. तिचा पहिला गिअर २.६६५ आणि ट्रान्सफर केसचा छोटा गिअर १.९७. या तिन्ही आकड्यांचा गुणाकार सुमारे २५.६ येतो. पुढे महिंद्रांनी आपल्या देशात परवान्याने बांधलेल्या सीजे-३बी जीपमध्ये पहिला गिअर २.७९८, छोटा गिअर २.४६ आणि आस ५.३८ असे प्रमाण होते. गुणाकार होतो ३७. याचा अर्थ असा की इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असताना आणि चाकाचा व्यास २८ इंच असताना युद्धातली जीप ताशी ५.२ किलोमीटर चालेल, आणि दुसरी ताशी ३.६. पहिला वेग भराभर चालणाऱ्या माणसाचा, दुसरा जपून पाऊल टाकणाऱ्याचा. दगडगोट्यांच्या ओढ्यातून उतरताना या दोन वेगांतील फरक म्हणजे आसाखालील पात्र शाबूत राहणे आणि फुटणे यांतील फरक असू शकतो. उतारावर तर सावकाश गिअर हाच खरा ब्रेक असतो. पायाखालचा ब्रेक चाक जाम करून गाडी घसरवू शकतो, गिअर ती धरून ठेवतो.

मग सर्वांनीच मोठे प्रमाण का घेऊ नये? कारण ओढ्यात मिळालेली सवलत हमरस्त्यावर परत करावी लागते. तीच सीजे-३बी वरच्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरने न्यावयाची झाल्यास इंजिनाला मिनिटाला सुमारे ३२०० फेरे घ्यावे लागतात. आसाचे प्रमाण ४.१० असते तर सुमारे २४५० फेऱ्यांत काम भागले असते. अधिक फेरे म्हणजे अधिक इंधन, अधिक आवाज आणि इंजिनाची अधिक झीज. जोंगाचे इंजिन सहा सिलिंडरांचे आणि जवळजवळ चार लिटरचे होते. सीजे-३बीचे चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे. ज्याच्या अंगात मुळातच बळ आहे त्याला लांब तरफेची गरज कमी; ज्याचे बळ बेताचे त्याने तरफ लांब घ्यावी. म्हणून एका गाडीचे उत्तम प्रमाण दुसऱ्या गाडीला उत्तम असेलच असे नाही. शिवाय प्रमाण वाढविण्यासाठी पिनियनचे दाते कमी करावे लागतात, तसा पिनियन लहान होतो, आणि दात्यांचा एकमेकांशी संपर्क घटून त्याची ताकदही उतरते.

बहुतेकांच्या बाबतीत आसाचे गिअर बदलण्याचा प्रश्न उपस्थित होतो तो टायर बदलल्यामुळे. गाडीचे पोट जमिनीपासून उंच राहावे म्हणून मोठे टायर बसविले जातात आणि दुसऱ्याच दिवशी गाडी सुस्त झाल्याची तक्रार सुरू होते. यात गूढ काही नाही. मोठ्या चाकाला प्रत्येक फेऱ्यात अधिक वाट चालावी लागते, म्हणजे नकळत आसाचे प्रमाण घटते. त्याचा हिशेब त्रैराशिकाचा आहे. जुन्या प्रमाणाला नव्या व्यासाने गुणावे आणि जुन्या व्यासाने भागावे. आस ४.१० चा असून टायर २८ इंचांवरून ३१ इंचांवर नेले, तर पूर्वीचाच जोर मिळण्यासाठी ४.५४ प्रमाण हवे. क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ९ दाते घेतल्यास ४.५६ मिळते, तेवढे पुरे. गिअर तसेच ठेवून टायर वाढविले तर वेगदर्शकही फसवू लागतो: काटा ६० दाखवितो तेव्हा गाडी ताशी ६६ किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. चारही चाके चालणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांचे प्रमाण सारखे असले पाहिजे. फक्त मागचा आस बदलून खर्च वाचविला, तर ट्रान्सफर केसमध्ये दोन्ही आस जोडले जाताच एक आस दुसऱ्याशी भांडू लागतो, आणि त्या भांडणात कोठला तरी सांधा किंवा दाता बळी जातो. म्हणजे गिअर बदलायचे तर खर्च दोन आसांचा, हे आरंभीच ध्यानात धरावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक सुमारे २.२ मीटर अधिक चालते. वळण लहान असो की मोठे, हा फरक तोच राहतो. बैलगाडीची चाके आसावर स्वतंत्र फिरतात, म्हणून तिला ही अडचण कधी जाणवली नाही. यंत्राने आसच फिरवू लागल्यावर मात्र ती उत्पन्न झाली. तिच्यावरील उपाय फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्योर या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी काढला आणि १८२७ साली त्याचे एकस्व घेतले. क्राउनच्या पोटात काही लहान दंतचक्रे अशी बसवायची की दोन्ही चाकांना जोर मिळेल, पण एक सावकाश फिरले तर दुसऱ्याला तेवढेच भरभर फिरता येईल. या रचनेला डिफरन्शियल म्हणतात. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक मोटारींत हीच कल्पना काम करीत आहे.

या रचनेचा धर्म असा की ती दोन्ही चाकांना नेहमी समान जोर देते. आणि समान जोर द्यावयाचा तर तो दोहोंपैकी दुबळ्या चाकाला पेलेल एवढाच देता येतो. समजा, मागचे एक चाक चिखलात असून ते फार तर ३० किलो रेटा देऊ शकते. दुसरे चाक कठीण जमिनीवर असून ते ३०० किलोपर्यंत रेटा देऊ शकते. डिफरन्शियल चिखलातल्या चाकाला ३० देते, म्हणून दुसऱ्यालाही ३० च देते. एकूण रेटा ६० किलो. गाडीचे वजन दीड हजार किलो आहे आणि दहास एक असा चढ आहे. तर केवळ चढासाठीच १५० किलो रेटा हवा. गाडी जागची हलत नाही. कठीण जमिनीवरचे चाक आळशी नाही. त्याला कामच मिळालेले नाही.

चारही चाके चालविली तरी हा दोष पूर्णपणे जात नाही. अंगण खाचखळग्यांचे असले की खाट दोन विरुद्ध कोपऱ्यांच्या पायांवर उभी राहते आणि उरलेले दोन पाय अधांतरी डुगडुगतात. गाडीचेही तसेच होते. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी उचलले गेले की दोन्ही आसांचा जोर वाऱ्यावर जातो, आणि चार चाकांची गाडी दोन हवेतल्या चाकांपायी थांबते.

यावर उपाय अनेक आहेत. पहिला उपाय घर्षणाचा. डिफरन्शियलमध्ये चकत्या बसवून दोन चाकांच्या वेगात फार फरक पडू द्यायचा नाही. हा सौम्य आहे, रस्त्यावर त्रास देत नाही. पण चकत्या झिजतात, आणि त्यांना योग्य असेच तेल घालावे लागते. दुसरा उपाय मळसूत्री दंतचक्रांचा. अमेरिकेत व्हर्नन ग्लिझमन यांनी १९५८ साली त्याचे एकस्व मिळविले आणि पुढे तो टॉर्सेन या नावाने प्रसिद्ध झाला. तो दुबळ्या चाकाच्या काही पट जोर सबळ चाकाला देतो. तिप्पट धरले तर आपल्या उदाहरणात ३० आणि ९०, मिळून १२० किलो होतात. सुधारणा मोठी, पण चढाला पुरेशी नाही. आणि चाक हवेत असेल तर शून्याची तिप्पट शून्यच.

तिसरा उपाय म्हणजे कुलूप. दोन्ही चाकांचे दांडे एकमेकांशी पक्के जखडायचे, म्हणजे एक फिरेल तर दुसऱ्याला फिरावेच लागेल. आपल्या उदाहरणात आता ३० आणि ३०० मिळून ३३० किलोपर्यंत रेटा मिळू शकतो, आणि गाडी चढते. हे कुलूप चालकाच्या हाती ठेवता येते, कोठे तारेने, कोठे दाबलेल्या हवेने, कोठे विद्युतचुंबकाने. किंवा ते आपोआप लागण्याची योजना करता येते. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढे आणि मागे अशी दोन्ही कुलपे चालकाच्या हाती दिलेली आहेत. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागच्या आसात आपोआप लागणारे कुलूप असते. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते लागते, आणि गाडीने काहीसा वेग घेतल्यावर नव्याने लागत नाही. आणखी एक मार्ग आज पुष्कळ गाड्यांत दिसतो. फुकट फिरणाऱ्या चाकालाच यंत्र ब्रेक लावते, म्हणजे दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. किरकोळ अडचणीला हे पुरते. लांब चिखलात मात्र ब्रेक तापतात, आणि इंजिनाचा काही जोर ब्रेकशी झगडण्यातच खर्च होतो.

डिफरन्शियलची दंतचक्रे सांधून टाकण्याचा स्वस्त उपाय काही गॅरेजांत सुचविला जातो. तो साफ नाकारावा. असे कुलूप कधीच उघडत नाही. डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासतात, दांड्यांवर पीळ पडतो, आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. वाचलेले पैसे कोणाच्या तरी जिवावर वाचविलेले असतात.

पण चांगल्या कुलपाचेही धोके आहेत, आणि ते सांगितल्यावाचून या विषयाला न्याय मिळणार नाही. कुलूप नसताना आसाचा जोर दोन दांड्यांत समान वाटला जातो. कुलूप असताना तो सारा एकाच दांड्यावर येऊ शकतो, आणि दांडा दुबळा असेल तर तेथेच तुटतो. दुसरे असे की आडव्या उताराच्या वाटेवर दोन्ही चाके एकदम घसरू लागली तर त्या आसाला बाजूने धरून ठेवणारे कोणी उरत नाही, आणि गाडीचा तो भाग दरीच्या बाजूला सरकतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फुकट फिरते, पण दुसरे स्थिर राहून गाडी जागी धरते. आळशी वाटणाऱ्या त्या चाकाची अशा वेळी ही सेवा असते. पुढच्या आसाला कुलूप लागले की सुकाणूही जड होते आणि गाडी वळायला नाखूष असते. म्हणून अडचण येण्यापूर्वी कुलूप लावावे, अडचण संपताच काढावे, आणि आडव्या उतारावर शक्यतो लावूच नये.

आता निवडीचा क्रम सांगतो. सर्वांत प्रथम टायर पाहावेत: त्यांची नक्षी, त्यांचा आकार आणि त्यांतील हवा. वाळूत हवा थोडी उतरविल्याने जे साधते ते कित्येकदा हजारो रुपयांच्या यंत्राने साधत नाही. मात्र डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरली पाहिजे. टायर ठरल्यावर आसाचे प्रमाण ठरवावे, आणि त्यानंतर कुलूप. हा क्रम उलटा करू नये, कारण काही आसांत क्राउन ज्या सांगाड्यावर बसतो तो एका मर्यादेपलीकडच्या प्रमाणासाठी वेगळा असतो. आधी कुलूप विकत घेतले आणि मागाहून प्रमाण बदलले, तर ते कुलूप बसणारच नाही असे होऊ शकते. दोन्ही करावयाचे असेल तर एकाच वेळी करावे, कारण आस उघडून गिअर बसविण्याची मजुरी एकदाच द्यावी लागते. हे काम अतिशय नाजूक आहे. दात्यांतील मोकळीक मिलिमीटरच्या चतुर्थांशाहून कमी ठेवावी लागते. दात्यांना रंग लावून त्यांचा ठसा कोठे पडतो ते पाहिले जाते. कारागीर हा ठसा न पाहताच झाकण बसवू लागला तर गाडी तेथून हलविलेली बरी. नवे गिअर बसविल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी हलक्या हाताने चालवावी आणि नंतर आसाचे तेल बदलावे.

कुलूप एकच परवडत असेल तर ते साधारणतः मागच्या आसाला द्यावे. चढावर गाडीचे वजन मागे सरकते, म्हणून पकड तेथे अधिक असते, आणि सुकाणू मोकळे राहते. जी गाडी वर्षातले दहा महिने नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर धावते आणि दोन महिने चिखलात जाते, तिला कारखान्याने दिलेले प्रमाण आणि मागे एक कुलूप पुरेसे आहे. जी जंगलातच राहते, चढउतारावर सावकाश चालते, तिला मोठे प्रमाण उपकारक ठरेल. पुराच्या वा दरडीच्या ठिकाणी माणसे सोडविण्यासाठी जी ठेवायची, तिला दोन्ही कुलपे असावीत, आणि समोर विंचही असावा; कारण चारही चाके चिखलात आसापर्यंत रुतली की कोणतेही कुलूप कामी येत नाही.

या निवडीला कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. तेव्हा टायरांच्या मापासकट कोणत्याही बदलापूर्वी परिवहन कार्यालयाचे मत घ्यावे. शासकीय खरेदीत तर सर्वांत उत्तम म्हणजे हवे ते प्रमाण आणि हवे ते कुलूप कारखान्यातूनच आलेली गाडी मागणे. त्यासाठी मागणीपत्रात ‘चारचाकी चालनाची गाडी’ एवढेच मोघम लिहून चालत नाही. आसाचे प्रमाण, छोट्या गिअरचे प्रमाण आणि कुलपाचा प्रकार हे तीन तपशील त्यात स्पष्ट असले पाहिजेत. ते नसले तर सर्वांत कमी किमतीची गाडी नियमाप्रमाणे पसंत होते, आणि तिची खरी किंमत पहिल्या पावसात कळते.

आणि गाडी आली तरी काम संपत नाही. कुलपाची कळ कोणती, ती केव्हा ओढायची आणि केव्हा सोडायची, हे चालकाला कोरड्या दिवसांत, मोकळ्या माळावर शिकविले गेले पाहिजे. कुलूप मातीत पकड निर्माण करीत नाही. जी पकड आहे ती वाया जाऊ देत नाही, एवढेच त्याचे कार्य. गिअर बळ उत्पन्न करीत नाहीत. आहे ते बळ योग्य गतीला जुळवून देतात. उरलेला भाग चालकाच्या विवेकाचा आहे, आणि त्याला शिकविण्याची तरतूद त्याच मागणीपत्रात, चौथी बाब म्हणून, करून ठेवावी.